आधी खोली, मग फ्लॅश

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गाठ पडली की ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात, घरी फोटो काढायला फ्लॅश कोणता घेऊ? मी उलट विचारते, तुमच्या खोलीच्या भिंतीचा रंग कोणता? प्रश्न विचित्र वाटतो, पण फ्लॅश कुठलाही घेतला तरी चेहऱ्यावर जो उजेड येतो तो खोलीतून फिरून येतो. कोलकात्याच्या जुन्या घरांत तर फोटो बहुतेक वेळा खोलीमुळेच बिघडतात.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत पहिला धडा असतो तो फ्लॅशचं तोंड छताकडे करण्याचा. मुंबई-पुण्याच्या नऊ-साडेनऊ फुटी फ्लॅटमध्ये हे जमून जातं. भवानीपूर किंवा बागबाजारच्या जुन्या वाड्यांत छत चौदा फुटांवर असतं. पाच फुटांवरून मारलेला उजेड नऊ फूट वर जातो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत दहा फूट खाली येतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने घटतो, म्हणजे इथे तो किती उरत असेल बघा. मग फ्लॅश प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने मारावा लागतो, पुन्हा चार्ज व्हायला वेळ घेतो, तापतो आणि ऐन वेळी बंद पडतो. एवढं करून उजेड येतो तो थेट डोक्यावरून. वयस्कर माणसांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, गालफडं बसलेली दिसतात. ज्या आजीचा फोटो पुढे भिंतीवर लागणार, तिचा असा फोटो काढू नये.

भिंतीचं दुखणं वेगळंच. या घरांत फिकट हिरवा किंवा निळा डिस्टेंपर फार. शेजारच्या मासिमांचा फोटो मी अशाच एका खोलीत काढला होता. लाल काठाची पांढरी साडी, मागे झडपांची हिरवी खिडकी, चित्र देखणं होतं. भिंतीवरून परतलेल्या उजेडाने मात्र साडीची डावी बाजू शेवाळी झाली, उजवी पांढरीच राहिली. संगणकावर हिरवा काढायला गेलं की दुसरा गाल गुलाबी होतो. दोन बाजूंना दोन रंगांचे उजेड पडले की ते नंतर सहजासहजी निस्तरता येत नाहीत. म्हणून रंगीत भिंतीवर फ्लॅश मारूच नका. पांढरी भिंत नसेल तर पांढरी चादर टांगा.

ही चादरीची युक्ती कोलकात्याच्या मातीतली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. सत्यजित राय यांच्या 1956 सालच्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं, कारण पावसाची धास्ती होती. छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांना ते पटत नव्हतं. उघड्या अंगणात आभाळातून झिरपणारा, सावलीची कडा न उमटवणारा उजेड बंद स्टुडिओत आणणार कुठून? कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त ठाम राहिले. मग सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परत येणारा उजेड पात्रांवर पडू दिला. तेव्हा ते पंचविशीत होते. ते अंगण पाहताना स्टुडिओची शंकाही येत नाही. ज्याला उजेड शिकायचा आहे त्याने हा चित्रपट आवाज बंद करून एकदा पाहावा.

घरी हेच लहान प्रमाणात करायचं. फ्लॅशचं तोंड जेमतेम दोन-तीन इंच रुंद, त्यामुळे त्याची सावली कापल्यासारखी पडते. उजेड जिथून येतो तो पृष्ठभाग मोठा झाला की सावली मऊ होते. चादर माणसाच्या एका बाजूला, किंचित पुढे, चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर तिरकी टांगा. फ्लॅश स्टँडवर लावून त्याचं तोंड चादरीकडे, पाठ माणसाकडे. दुरून फ्लॅश पेटवणारा ट्रिगर कॅमेऱ्यावर. सुरुवात 1/160 सेकंद, f/5.6, आयएसओ 400 आणि फ्लॅश 1/8 ताकदीवर ठेवून करा. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. तो जवळजवळ काळा आला पाहिजे, म्हणजे ट्यूबलाइटचा आणि पिवळ्या बल्बचा रंग चेहऱ्यात मिसळणार नाही. चष्म्यावर चमक आली तर उजेड बाजूला आणि थोडा वर न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचला.

आता पंखा. या शहरात वर्षातले कितीतरी महिने पंखा बंद केला की थोड्याच वेळात कपाळ ओलं होतं आणि फ्लॅश घामाचा प्रत्येक थेंब पांढऱ्या ठिपक्यासारखा टिपतो. पंखा चालू ठेवला तर चादर फडफडते आणि चादरीऐवजी फ्लॅशला उजेड पसरवणारी छत्री लावली असेल तर ती शिडासारखी वारा धरते. एका बाळाच्या मुखेभाताला, म्हणजे उष्टावणाला, मी छत्री लावली होती. बाळाला उकडतंय म्हणून कुणीतरी मायेने पंखा पूर्ण वेगाने सोडला. स्टँड कलंडला आणि फ्लॅश बाळाच्या पाटापासून हातभर अंतरावर आदळला. बाळ सुखरूप होतं, पण तो आवाज माझ्या कानातून जात नाही. तेव्हापासून लहान मुलांजवळ मी छत्री उघडतच नाही. स्टँडच्या पायांवर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवते, तिन्ही पाय पूर्ण फाकवते, वायर जमिनीवर पसरू देत नाही. पंख्याचं बटण कुणाच्या हाती राहील हे आधीच सांगून ठेवते. सगळी मांडणी, ताकदीची चाचणी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवून करायची. ज्याचा फोटो आहे त्याला शेवटी बोलवायचं, पंखा बंद करायचा, दोन-तीन मिनिटांत चार-सहा फोटो घ्यायचे, पंखा सुरू करायचा, पाणी द्यायचं आणि मग पुन्हा.

विजेबद्दल थोडं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे काही जुने फ्लॅश कॅमेऱ्याकडे दोनशे व्होल्टच्या वर दाब पाठवतात आणि आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट त्यात जळू शकतं. तो दाब किती आहे हे मोजल्याशिवाय असा फ्लॅश कॅमेऱ्याला लावू नका. बंद पडलेला फ्लॅश घरी उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास साठा राहतो आणि सेल काढले तरी तो लगेच जात नाही. चार्जिंगचे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरा, चारही एकाच संचातले. काम झालं की ते काढून ठेवा आणि इथल्या दमट हवेसाठी बॅगेत सिलिका जेल टाका.

दुकानदार दोन-तीन फ्लॅशचा संच दाखवेल. घरच्या फोटोंना एक फ्लॅश आणि समोरच्या बाजूला थर्माकोलची एक पांढरी पाटी पुरते. उरलेले पैसे आधी जड स्टँडवर, दोन चांगल्या क्लॅम्पवर आणि सेलच्या जादा संचावर खर्च करा.