खताच्या बादलीतून अख्खी निघालेली पिशवी

प्रश्न : आमच्या भाजीवाल्याकडे हल्ली हिरव्या पिशव्या मिळतात. वर 'कम्पोस्टेबल' असं छापलेलं असतं. मी सहा वर्षं गच्चीत ओल्या कचऱ्याचं खत करते, म्हणून मोठ्या विश्वासाने दिवाळीच्या सुमारास तशी एक पिशवी भाजीच्या देठांसकट बादलीत टाकली. परवा खत चाळलं तर पिशवी जवळजवळ अख्खी निघाली. मळली होती, पण छापलेली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. ही फसवणूक समजायची का? माझा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तो म्हणाला, तिकडे यासाठी राज्याने वेगळा कायदा केला. आपल्याकडे तसा व्हावा का? आणि तोवर या पिशवीचं मी काय करू?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, पिशवी फेकून दिली नसेल तर धुऊन घ्या आणि उजेडात धरून वरची सगळी अक्षरं वाचा. 'कम्पोस्टेबल' या शब्दाबरोबर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का? 2016 च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो असायलाच हवा. अशा पिशव्या बाजारात आणण्याआधी उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं आणि माल आयएस/आयएसओ 17088 या मानकाला उतरावा लागतो. प्रमाणपत्र मिळालेल्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते, तिथे नाव ताडून बघता येतं. क्रमांक नसेल, नुसतं पानाचं चित्र आणि 'पर्यावरणपूरक', 'शंभर टक्के बायो' असलं काही छापलं असेल, तर ती सरळसरळ फसवणूक आहे. साधं पॉलिथिन हिरव्या रंगात विकणं मुळीच अवघड नाही.

पण समजा, क्रमांक आहे आणि यादीत नावही सापडलं. तरीसुद्धा ती पिशवी तुमच्या बादलीत तशीच राहू शकते, आणि तिने मानक मोडलेलं नसतं. खरी अडचण इथेच आहे.

या मानकाची चाचणी प्रयोगशाळेत साधारण 58 अंश सेल्सिअसला होते. 12 आठवड्यांनी ते खत 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. मूळ वस्तूचा दहा टक्क्यांहून जास्त भाग चाळणीवर राहिला तर वस्तू नापास. 180 दिवसांच्या आत तिच्यातला 90 टक्के कार्बन वायुरूपाने निघून जावा लागतो. जड धातू मर्यादेत हवेत आणि त्या खतात बीसुद्धा नीट रुजायला हवं. चाचणी कडक आहे, यात शंका नाही. फक्त ती ज्या उष्णतेवर होते, ती उष्णता गच्चीवरच्या बादलीत नसते. खताचा ढीग तापतो तो जीवाणूंच्या कामामुळे, आणि ती ऊब धरून ठेवायला ढीग मीटरभर तरी उंच आणि तेवढाच रुंद लागतो. मोठ्या प्रकल्पातला ढीग उलटवताना वाफ निघते ती त्यामुळे. वीस लिटरच्या बादलीतून ऊब चारी बाजूंनी निसटून जाते.

पीएलए नावाच्या प्लास्टिकचंच घ्या. ते मका किंवा उसाच्या साखरेपासून होतं. त्याच्या लांबलचक साखळ्या आधी उष्णतेने आणि ओलाव्याने तुटाव्या लागतात, मगच जीवाणूंना ते खाता येतं. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. गार बादलीत पुरलेला पीएलएचा चमचा वर्षभराने काढला तरी चमचाच असतो. स्टार्च भरपूर असलेल्या काही पातळ पिशव्या घरीही विरतात, पण सावकाश, आणि सगळ्याच विरतात असं नाही. म्हणून घरच्या खतासाठी मानकं वेगळी केली गेली. ऑस्ट्रेलियात असं मानक 2010 पासून आहे, फ्रान्सने 2015 मध्ये केलं. तिथे चाचणी 20 ते 30 अंशांना होते, म्हणजे तुमच्या बादलीच्या जवळपास. आपल्याकडच्या पिशव्यांवर पुष्कळदा नजरेत भरतो तो 'कम्पोस्टेबल' एवढाच शब्द. कुठे, किती दिवसांत, किती उष्णतेवर, हे तो सांगत नाही. सहा वर्षं निष्ठेने खत करणाऱ्या बाईला तो शब्द 'तुमच्या बादलीत' असाच ऐकू येणार. त्यात तुमची काहीच चूक नाही.

'बायोडिग्रेडेबल' हा शब्द तर त्याहून सैल आहे. लाकडाचा ओंडकाही कुजतो, पण त्याला किती पावसाळे लागतात! केंद्राने 2024 च्या दुरुस्तीत या शब्दाच्या व्याख्येत मायक्रोप्लास्टिक मागे न राहण्याची अट घातली, हे बरं झालं. माझ्या मते पिशव्या आणि ताटल्यांवरून तो शब्दच जावा.

आता तुमच्या बादलीपासून जरा दूर जाऊ. गेल्या पावसाळ्याआधी एका शहराच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पावर मी सकाळभर उभा होतो. घंटागाड्या रिकाम्या होत होत्या. सरकत्या पट्ट्यापाशी एक बाई दोन्ही हातांनी पिशव्या ओढून काढत होत्या. हातमोज्याची दोन बोटं फाटलेली. पिशवी समोर आली की एका हिसक्यात फाडायची, आतलं खरकटं पट्ट्यावर झटकायचं, पिशवी मागे भिरकावायची. एका पिशवीला दोन श्वासांएवढा वेळ. मध्येच एक 'कम्पोस्टेबल' पिशवी आली. मी ती उचलून त्यांना दाखवली. त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "दादा, वली झाली की समद्या सारख्याच. वाचत बसू का?" तीही मागच्या ढिगात गेली.

तेव्हापासून मला पक्कं वाटतं की हा कायदा त्या पट्ट्यापाशी उभं राहून लिहायला हवा. पिशवीवरचा शब्द दुकानात वाचला जातो, पण तो खरा की खोटा हे ठरतं ते खताच्या ढिगावर. ढिगाला कळत नसेल तर शब्द छापून उपयोग नाही, आणि ढीगच नसेल तर शब्द खरा असूनही वाया गेला.

तुमच्या भाच्याच्या गावी नेमकं हेच झालं. एवन ऑर्गॅनिक्स ही कोलोरॅडो राज्यातली सगळ्यात मोठी खत कंपनी. 1 एप्रिल 2023 पासून तिने कप, ताटल्या, चमचे, खोकी घेणं बंद केलं, त्यावर कम्पोस्टेबल असं छापलेलं असलं तरी. फक्त खरकटं, बागेतला पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात बसतील एवढ्या लहान प्रमाणित पिशव्या चालतील, असं कळवून टाकलं. खऱ्यांच्या आडून खोट्या वस्तू इतक्या यायच्या की खतात काच आणि प्लास्टिकचे कपटे राहायचे, आणि असं खत शेतकरी घेईना. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. 1 जानेवारी 2024 पासून मान्य संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय 'कम्पोस्टेबल' म्हणता येत नाही.

त्याआधी वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये केलेला कायदा मला अधिक शहाणा वाटतो, कारण त्यात रंगाचा विचार आहे. खत होणाऱ्या वस्तूवर हिरवा किंवा तपकिरी रंग अथवा पट्टी असावी, म्हणजे ती लांबून ओळखू येईल. आणि जी वस्तू खत होत नाही, तिने तशा रंगांनी ग्राहकाची दिशाभूल करायची नाही. त्या बाईंच्या 'वाचत बसू का?' ला हे थेट उत्तर आहे. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला : ही वस्तू ज्या खतात मिसळली, ते खत सेंद्रिय शेतीला चालेल का? ओरेगनमधल्या खत उत्पादकांनी तर 2019 मध्येच जाहीर सांगितलं होतं की आम्हाला ही कम्पोस्टेबल वेष्टनं नकोतच. ज्यांच्या अंगणात हा माल येऊन पडतो त्यांचं हे म्हणणं आहे, म्हणून ते मी वजनदार मानतो.

महाराष्ट्राकडे असा कायदा करायला पाया आहे. 2006 चा अविघटनशील कचरा नियंत्रणाचा अधिनियम आहे, आणि त्याच्याच आधारे 23 मार्च 2018 ची प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला 5 हजार रुपये दंड असलेली तीच ती. त्या अधिसूचनेत रोपवाटिका, फळबागा, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठी कम्पोस्टेबल पिशव्यांना सूट होती. ती सूट समजण्यासारखी होती, कारण अशी पिशवी खरकट्याबरोबर ढिगापर्यंत जाते. 2022 च्या अखेरीस मात्र कम्पोस्टेबल ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांनाही परवानगी मिळाली, केंद्रीय मंडळाच्या आणि सिपेट या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या अटीवर. मला हा क्रम उलटा वाटतो. हे पेले गोळा कोण करणार, ते कुठल्या ढिगात जाणार, याची सोय आधी व्हायला हवी होती. लग्नाच्या मांडवातून निघालेला पीएलएचा पेला कचराभूमीत पडला तर तो साध्या प्लास्टिकसारखाच पडून राहतो. शिवाय ताटल्यांसाठी आपल्याकडे पत्रावळ आहे, केळीचं पान आहे, सुपारीच्या विरीचं ताट आहे. त्यांना कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही आणि त्या तुमच्या बादलीतही कुजतात.

तेव्हा, आपल्याकडे कायदा व्हावा का? हो, व्हावा, आणि त्यासाठी आपण मागे लागावं. पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत 'मोठ्या खत प्रकल्पातच कुजते, घरच्या बादलीत नाही' असं छापणं सक्तीचं हवं. घरच्या बादलीत कुजत असेल तर ते वेगळ्या चाचणीने सिद्ध करून तसं छापावं. एक ठरलेला रंगीत पट्टा हवा, जो दुसऱ्या कुठल्याही पिशवीवर छापणं गुन्हा ठरेल. आणि ज्या शहरात ओला कचरा वेगळा गोळा होत नाही, तिथे या पिशव्यांना नुसती परवानगी देऊन थांबू नये. इटलीने 2011 मध्ये साध्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद करून कम्पोस्टेबल ठेवल्या. त्याला जोड मिळाली ती 2012 पासून मिलान शहराने घरोघरचं खरकटं वेगळं उचलायला सुरुवात केल्यामुळे. घरात छोटा डबा, त्यात तीच पिशवी, आणि पिशवी पोचते तो खत प्रकल्प. तिन्ही कड्या एकत्र असल्याने तिथे ती पिशवी कामाची ठरली. हे आपल्याला झेपणार नाही असं कुणी म्हणालं तर वेंगुर्ल्याकडे बोट दाखवावं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्या छोट्या नगरपरिषदेने कचरा घरातच वेगळा करायची सवय लावली आणि कचराभूमीचं रूप पालटलं.

खताला गिऱ्हाईकही हवंच. कॅलिफोर्नियाच्या 2016 च्या कायद्याने शहरांना लोकसंख्येच्या प्रमाणात खत किंवा ओल्या कचऱ्यापासून केलेली इतर उत्पादनं विकत घ्यायला लावली आहेत. आपल्याकडे नगरपालिकांच्या खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' हे राज्याचं बोधचिन्ह आहे. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी खतात किमान 12 टक्के सेंद्रिय कर्ब असावा लागतो आणि 90 टक्के खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेलं पाहिजे. या चाळणीतून उतरलेलं खत रस्त्याच्या दुभाजकांना, सरकारी बागांना, सामाजिक वनीकरणाच्या रोपांना आधी वापरायचं, असा सक्तीचा नियम झाला तर प्रकल्प चालवणाऱ्याला स्वच्छ खत करण्यात रस वाटेल. मग फसव्या पिशव्यांविरुद्ध सगळ्यात आधी तक्रार तोच करेल. राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाला पत्र लिहाल तेव्हा लेबल, गोळा करणं आणि खतखरेदी या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात मागा. सुट्या मागितल्या तर बहुधा फक्त लेबल मिळेल.

राहिली तुमची पिशवी. ती परत बादलीत टाकू नका आणि पुनर्वापराच्या प्लास्टिकमध्येही देऊ नका, त्यात मिसळली तर तो माल बिघडतो. त्यापेक्षा एक करून पाहा. तुमच्या सोसायटीत किंवा जवळच्या बागेत पालापाचोळ्याचा मोठा ढीग असेल, आत हात घातला तर चटका बसावा असा. पिशवीच्या चार-चार बोटांच्या पट्ट्या कापा आणि कांद्याच्या जाळीत बांधा. नाशिकला जाळीची काही वाण नाही. जाळीला लांब दोरी आणि दोरीला तारखेची चिठ्ठी बांधून ती ढिगाच्या अगदी मधोमध पुरा. माळीबुवांना सांगून ठेवा, नाहीतर उलटवताना हरवेल. ढीग ओला ठेवा. 12 आठवड्यांनी दोरी ओढून जाळीत काय उरलंय ते पाहा, पिशवीवरचा क्रमांक टिपून ठेवा, आणि जे दिसेल ते मला कळवा. चांगलं निघालं तरी कळवा.