गणितज्ञांची श्रद्धांजली

कुणी गेले की आमच्या घरी फोटोला हार घालतात. गणितज्ञांची श्रद्धांजली कशी असते, हे मला कॉलेजात आल्यावरच समजले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सी. पी. रामानुजम (श्रीनिवास रामानुजन नव्हेत) १९७४ साली अवघ्या ३६ व्या वर्षी निवर्तले. डेव्हिड ममफर्ड यांच्या तेथील व्याख्यानांची टिपणे त्यांनी लिहून काढली होती. त्यांतूनच १९७० चा ‘ॲबेलियन व्हरायटीज’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

१९७८ च्या स्मृतिग्रंथात, १९७४ चे फील्ड्स पदक मिळवलेल्या ममफर्ड यांनी आपल्या लेखाला नाव दिले : ‘रामानुजम यांच्या कार्यावरील काही तळटीपा’. त्यात दिवंगत मित्राचेच विचारसूत्र पुढे नेले आहे.

आपणही एखाद्या दिवंगत गुरुजींच्या पुण्यतिथीस त्यांनी फळ्यावर अर्धे सोडलेले गणित पूर्ण करावे, असे मला वाटते.