वर चढणारे दगड
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी)

पावसाळ्यात आपल्या भागातील मुलांची सहल काढायची म्हटली की गोकाकच्या धबधब्याचे नाव हमखास निघते. घटप्रभा नदी तेथे सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट खाली कोसळते. कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पाणी लाल गढूळ, आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. उन्हाळ्यात मात्र खडकच पाहून परतावे लागते.

अशाच एका सहलीत आमच्या हातून एक चूक झाली. आम्ही निपाणीहून संकेश्वरमार्गे गेलो होतो. दहाएक वर्षांचा एक मुलगा कठड्याशी उभा राहून बराच वेळ एकटक पाणी पाहत होता. मग त्याने बाजूच्या काळ्या खडकाकडे नजर वळवली आणि ओरडला, "गुरुजी, दगडं वर चढायलेत!" आम्ही हसून विचारले, "मग आता कुठवर पोचले?" तो म्हणाला, "पोचलेत कुठं? तिथंच हाईत. पण चढायलेत."

आदल्याच रविवारी वर्गात खोट्या साक्षीविषयीची नववी आज्ञा शिकवली होती. आम्ही त्याला सर्वांसमोर खडसावले, की दगड एकतर चढतील, नाहीतर जागेवर राहतील. दोन्ही सांगणारा खोटे बोलतो. पोर गप्प झाले. परतताना बसमध्ये एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, मलाबी तसंच दिसलं. पण त्याला बोलणी बसली म्हणून सांगितलं नाही."

तेव्हा आम्ही पुस्तके उघडली. मुलाने सांगितले ते अक्षरशः खरे होते. वाहत्या नदीकडे पाहिल्यावर स्थिर वस्तू हलताना दिसतात, हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स या गृहस्थांना स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्याजवळ कडेचे खडक वर सरकताना दिसले, आणि पुढे या भासाला धबधब्याचेच नाव मिळाले. ॲडम्स यांना वाटले, पाण्यामागे डोळे नकळत खाली ओढले जातात, त्यामुळे असे होते. पण १८४९-५० च्या सुमारास बेल्जियमचे जोसेफ प्लातो यांनी फिरत्या चकतीवरील मळसूत्री रेघेने तोच परिणाम दाखवला. तिच्याकडे टक लावून मग दुसरी वस्तू पाहिली तर ती चहूबाजूंनी फुगते किंवा आकसते. डोळे काही एकाच वेळी चारी दिशांना फिरू शकत नाहीत! (हे प्लातो तोवर स्वतः अंध झाले होते.)

आजचे स्पष्टीकरण असे. गती ओळखणाऱ्या काही पेशी खाली जाणाऱ्या हालचालीला जाग्या होतात, काही वर जाणाऱ्या हालचालीला. वस्तू स्थिर असली तरी दोन्ही थोड्याफार चालू असतात आणि त्यांचा तोल राखलेला असतो. पाणी पाहून पाहून खाली जाण्याच्या पेशी मंदावतात, तागडी दुसरीकडे झुकते, आणि दगड वर निघतात. १९६३ मध्ये बार्लो आणि हिल यांनी सशाच्या डोळ्यातील पेशींवर हे मंदावणे मोजून दाखवले. माणसात हे काम मुख्यतः मेंदूत चालते. पाणी एका डोळ्याने पाहावे, मग तो झाकून खडक दुसऱ्या डोळ्याने पाहावा. तरी दगड थोडे चढतातच.

आणि "तिथंच हाईत, पण चढायलेत" याचे काय? गती आणि जागा यांचा हिशेब मेंदू बराचसा वेगवेगळा ठेवतो. एक वही सांगते, सरकले. दुसरी सांगते, नाही सरकले. मुलाने दोन्ही वह्या वाचून दाखवल्या, आणि आम्ही त्याला लबाड ठरवले.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. मग सायकल उलटी उभी करून मागच्या चाकाला पुठ्ठा बांधला. त्यावर गोगलगाईच्या शंखासारखी, मधून बाहेर येणारी जाड काळी रेघ काढली होती. चाक हाताने सावकाश, एकाच दिशेने फिरवावे. मुलांनी मधल्या ठिपक्याकडे मनात तीस आकडे मोजेपर्यंत पाहावे आणि मग स्वतःच्या तळहाताकडे. (कुणाला गरगरले तर लगेच थांबवावे.) प्रत्येकाने आधी काय दिसले ते कागदावर लिहावे. शेजाऱ्याचे पाहायचे नाही. मग तळहात खरोखर वाढला का, हे सुतळीने मापून पाहावे. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये, आमची तेथेच झाली होती. भास किती वेळ टिकला याचे आकडे मुलामुलांत वेगळे येतात, ते तसेच राहू द्यावेत.

त्या मुलाची पाळी शेवटी आली. बराच वेळ हात निरखून तो आमच्याकडे जरा बिचकतच बघत म्हणाला, "गुरुजी, हात फुगायलाय. पण हाय तेवढाच हाय." आम्ही त्याच्या हाती सुतळी दिली.