पाठ : हिवताप कोण पसरवतो?

हिवतापाला मलेरिया असेही म्हणतात. हा शब्द इटलीचा. त्याचा अर्थ वाईट हवा. पूर्वी लोकांना वाटे, दलदलीची हवा बाधली की थंडी वाजून ताप येतो.

१८८० साली अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांना रोग्याच्या रक्तात बारीक जंतू दिसले. पण ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात कसे? हे कोडे आपल्या देशात सुटले. डॉ. रोनाल्ड रॉस सिकंदराबादेस होते. रोग्याला चावलेले डास चिरून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. पुष्कळ दिवस काही सापडेना. त्यांनी नाद सोडला नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात जंतू दिसले! पुढल्या वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांवर प्रयोग केले. डासाच्या लाळेतून जंतू पसरतात, हे कळले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

चावते ती डासाची मादी. रोग्याच्या रक्ताबरोबर जंतू तिच्या पोटात जातात. तेथे वाढून काही दिवसांनी लाळेत येतात. मग ती ज्याला चावेल, त्याला हिवताप होतो.

जेथे हिवताप कायमचा असतो, तेथे पुन्हा पुन्हा ताप येऊन मोठ्या माणसांच्या अंगी थोडी प्रतिकारशक्ती येते. लहान मुलांपाशी ती नसते. म्हणून आफ्रिकेत या रोगाने लहान मुलेच फार दगावतात. मोठा माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो. पण त्याच्या रक्तात जंतू असू शकतात. त्याला चावलेला डास त्याच्याच लेकराला ताप देतो.

मग साखळी तुटावी कशी? ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. ती मुलांना रोगापासून वाचवते. आणखी एका लसीचे संशोधन चालू आहे. ती टोचलेल्या माणसाचे रक्त डास प्याला, की डासाच्या पोटातच जंतूंची वाढ थांबावी, असा तिचा हेतू आहे. आफ्रिकेतील माली देशात तिच्या चाचण्या झाल्या आहेत. ही लस टोचायची आपल्याला, पण राखण होईल शेजाऱ्याची!

तोवर आपण काय करावे? डबकी बुजवावीत. मच्छरदाणीत निजावे. ताप आला की रक्त तपासून घ्यावे. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत. आपल्या अंगातला जंतू म्हणजे घरातल्या पोरांना धोका.

सांगा पाहू :
१. डॉ. रॉस यांना जंतू कोठे सापडले?
२. धडधाकट माणसाकडून हिवताप कसा पसरतो?
३. आपल्या गावात पाणी कोठे साचते?