थंडीच्या रात्री वाहन अडकले असता यात्रेकरूंनी घ्यावयाची दक्षता

मार्गशीर्ष मास लागला की आपल्या परिसरातून यात्रेस निघणाऱ्या भाविकांची संख्या वाढते. दत्तजयंतीचा उत्सव असतो. पुढे पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. सोलापूर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील पाचोड व भोवतालच्या गावांतून जीप किंवा टेम्पोने रात्री निघावे आणि पहाटे दर्शनबारीत उभे राहावे, अशी अनेकांची रीत आहे. परंतु हाच काळ वर्षातील सर्वाधिक थंडीचा असतो. त्र्यंबकेश्वरची वाट वैजापूर, येवला, निफाड अशी जाते आणि निफाडचा गारठा तर सर्वांस ठाऊकच आहे. अशा रात्री वाहन बंद पडल्यास काय करावे, याची माहिती प्रत्येक भाविकास असणे हितावह आहे.

थंडीहून मोठा धोका

वाहन अडकताच काचा घट्ट लावून, इंजिन चालू ठेवून, हीटरच्या उबेत झोपी जावे, असा विचार सहजच मनात येतो. हाच विचार जिवावर बेतू शकतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. त्यामुळे तो आत शिरल्याचे कळत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूस दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. परिणामी श्वास चालू असूनही शरीरास प्राणवायू मिळत नाही. झोपलेला मनुष्य जागा न होताच बेशुद्ध होतो.

पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ जानेवारी २०२२ च्या रात्री हिमवर्षावात असंख्य वाहने अडकली आणि २० हून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांतील अनेकांचा मृत्यू केवळ गारठ्याने नव्हे, तर बंद गाडीत साचलेल्या या वायूने झाला असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर बाहेर न जाता गाडीत शिरतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून निश्चिंत राहू नये. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. तेथे ना बर्फ होता, ना कडाक्याची थंडी. जनित्राचा विषारी वायू आत शिरला होता. जुन्या जीपचा सायलेन्सर फुटलेला असणे, तळाचा पत्रा सडलेला असणे, मागील दार नीट न लागणे या गोष्टी आपल्याकडे दुर्मिळ नाहीत. वाहनात पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले ठेवणे हेही तितकेच घातक आहे.

ऊब कशी राखावी

विश्रांती घेत असलेल्या प्रौढ मनुष्याच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे जीपमध्ये दहा जण असतील, तर जणू एक लहान हीटरच तेथे चालू असतो. ही उष्णता वाया जाऊ न देणे, एवढेच आपले काम.

१. सर्वांनी जवळजवळ बसावे. वृद्ध व बालके यांस मध्यभागी घ्यावे. पत्र्यास व काचेस टेकून बसू देऊ नये.

२. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कारण त्यांच्यामध्ये राहणारी हवा ऊब धरून ठेवते. डोके, कान व पाय झाकावेत.

३. गोधडी किंवा ब्लँकेट अंगावर घ्यावे, तसेच बुडाखालीही घालावे. पायांखाली सतरंजी, पोते वा वर्तमानपत्राच्या घड्या ठेवाव्यात.

४. घामाने अथवा दवाने ओले झालेले कपडे त्वरित बदलावेत. ओले वस्त्र अंगातील उष्णता झपाट्याने शोषून घेते.

५. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक काच दोन बोटे उघडी ठेवावी. थोडी ऊब गेली तरी चालेल, शुद्ध हवा हवीच.

६. हीटर लावणे भागच पडल्यास प्रथम खाली उतरून सायलेन्सरचे तोंड मोकळे असल्याची खात्री करावी. तासाभरात दहा मिनिटांहून अधिक इंजिन चालवू नये. सायलेन्सर फुटका असल्यास मुळीच चालवू नये. वाळलेल्या गवतावर वाहन उभे असल्यास तप्त सायलेन्सरने आग लागू शकते.

७. गूळ-शेंगदाणे, खारीक, चिक्की थोडी थोडी खावी. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. मद्यामुळे त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीर अधिकच निवते.

८. सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. पाळीपाळीने एकाने जागे राहावे.

वाहनात थांबावे की बाहेर?

याचे उत्तर स्थळावर अवलंबून आहे. आपल्या मैदानी महामार्गावर धुक्यात उभ्या वाहनास मागून धडक बसण्याचे भय मोठे असते. म्हणून वाहन शक्य तितके रस्त्याबाहेर घ्यावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. वाहन रस्त्यावरून हलतच नसेल, तर त्यात बसून राहू नये. सर्वांनी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे राहावे. धाबा, पेट्रोल पंप वा मंदिर दृष्टीस पडत असेल, तर तेथे आश्रय घ्यावा.

उत्तराखंड, हिमाचल यांसारख्या डोंगराळ प्रदेशात बर्फ पडत असताना मात्र वाहन सोडून पायी निघू नये. तेथे वाहन हाच निवारा असतो आणि शोधपथकासही ते लवकर दिसते. केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, हे ध्यानी घेऊन वैशाखातील यात्रेसही उबदार कपडे न्यावेत.

लक्षणे व उपाय

एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही विषारी वायूची लक्षणे होत. तत्काळ इंजिन बंद करावे, दारे उघडावीत, सर्वांस मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अंग थरथरणे, बोलणे अडखळणे, हातांनी गुंडी न लागणे ही शरीर निवत चालल्याची चिन्हे होत. थरथर थांबूनही मनुष्य सुस्त दिसत असेल, तर ती सुधारणा नव्हे, ते गंभीर लक्षण आहे. अशा व्यक्तीस कोरडे कपडे घालून छाती व डोके झाकावे. शुद्ध असेल तरच कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत.

निघण्यापूर्वी

सायलेन्सर, बॅटरी व टायर तपासून घ्यावेत. प्रत्येकी एक कानटोपी व पांघरूण, विजेरी, पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ, नित्याची औषधे आणि चार्ज केलेला मोबाईल सोबत असावा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्यासाठी १०३३ हे क्रमांक चालकाने व आणखी एकाने लिहून ठेवावेत. निघण्याची वेळ व मार्ग घरी सांगून जावे.

दर्शनास एक प्रहर उशीर झाला तरी हरकत नाही. बरोबर निघालेली सर्व मंडळी सुखरूप घरी परतावीत, हीच प्रार्थना.