चौघी निघालात म्हणून सांगते

उन्हाळ्यात तुम्ही चौघी मैत्रिणी म्युनिकला निघणार असं दादाने सांगितलं, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. नोकरीच्या निमित्ताने मी त्या गावात बरीच वर्षं काढली. पुण्याहून येणारी कितीतरी मुलंमुली आमच्याकडे उतरायची. काय बघायचं, कुठे फिरायचं हे तुम्हाला मोबाईल सांगेल. मला सांगायचंय ते मैत्रीबद्दल. कॉलेजात लेक्चर, कट्टा, वडापाव एवढ्यात पाच-सहा तास एकत्र जातात आणि संध्याकाळी जो तो आपापल्या घरी जातो. परक्या गावात एका खोलीत, मोजक्या पैशांत दिवसरात्र एकत्र राहणं वेगळं असतं. जे बोलायला अवघड वाटतं ते निघायच्या आधीच बोलून घ्या. तिथे थकल्याभागल्या अवस्थेत बोलायला गेलं की साध्या गोष्टीचंही भांडण होतं.

आधी तारखांचं बघा. परीक्षेचं वेळापत्रक पुढे सरकू शकतं हे तुला मी सांगायला नको. एखादीची तोंडी परीक्षा राहते, एखादीचा राहिलेला विषय जूनपर्यंत लांबतो. चौघींची वेळापत्रकं हातात आल्याशिवाय पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पण सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणंच मुश्कील होतं, म्हणून तिथे दिरंगाई नको. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. कॉलेजचं बोनाफाईड, दादाची आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट आणि खर्च तो करणार असल्याचं त्याच्या सहीचं पत्र हे सगळं लागेलच. प्रत्येकीची फाईल स्वतंत्र लावा. मैत्रिणीच्या फाईलमध्ये आहे म्हणून चालत नाही.

आणि हे अगदी आत्ता ठरवा, की एकीचा व्हिसा नाकारला तर बाकीच्या तिघी जाणार का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, अपशकुन वाटतो. पण नकार येतो, तो तिच्या चुकीने येतो असंही नाही, आणि भरलेली फी परत मिळत नाही. त्या दिवशी ती रडवेली झालेली असते. तेव्हा तिच्यासमोर बसून तिघींनी जायचं की नाही यावर खल करणं क्रूरपणा आहे. आत्ता ती हसत म्हणेल, "तुम्ही जा गं खुशाल," किंवा सगळ्या म्हणाल की मग कुणीच नको. दोन्ही चालेल. उत्तर आधीच ठरलेलं असावं, एवढंच. खोलीचं बुकिंगही रद्द करता येईल असंच करा.

आता पैशांचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चांगल्या मैत्रिणी इथेच दुरावलेल्या पाहिल्या आहेत.

चौघींच्या घरची परिस्थिती सारखी नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. पुण्यात ते झाकलं जातं, तिथे झाकलं जात नाही. मारिएनप्लाट्झच्या चौकात एखाद्या सुंदर कॅफेत तुम्ही शिराल, मेन्यू हातात येईल आणि तुमच्यातली एक म्हणेल, "मला भूक नाही, तुम्ही खा." सकाळपासून चालून चालून पाय दुखत असताना भूक नाही म्हणणाऱ्या मुलीला भूक असते. तिने मनातल्या मनात युरोला रुपयांनी गुणलेलं असतं. तेव्हा "अगं घे ना, मी देते" असं चारचौघांत म्हणू नकोस. तिला ते लागेल. "मलाही इथलं काही आवडत नाहीये, चला" असं म्हणून तूच उठ. जेवायची जागा निवडताना जिच्याकडे सर्वांत कमी आहे तिच्या खिशाला झेपेल अशीच निवडायची, आणि तिला ते बोलून दाखवायची वेळ येऊ द्यायची नाही.

म्युनिकमध्ये हे जमण्यासारखं आहे. तिथल्या बिअर गार्डनमध्ये एक जुनी रीत आहे. ज्या टेबलांवर कापड अंथरलेलं नाही, तिथे आपलं घरचं खाणं घेऊन बसता येतं. फक्त पिण्याचं तिथलं घ्यायचं. बिअरच घ्यायला हवी असं मुळीच नाही, सफरचंदाचा रस सोड्यात मिसळून देतात ते आपफेलशोर्ले मागा. चेस्टनटच्या गर्द सावलीत लांबलचक बाकावर बसायचं, डबा उघडायचा, शेजारची आजी-आजोबांची जोडीही घरून आणलेला मुळा नि चीज कापत बसलेली दिसेल. कुणी तुमच्याकडे वळून बघणार नाही. कापड घातलेल्या टेबलावर मात्र डबा काढू नका, तिथे वाढपी येतो आणि ऑर्डर द्यावी लागते.

सामायिक खर्चासाठी पहिल्याच दिवशी प्रत्येकीने सारखे युरो काढून एक पाकीट करा. किराणा, लोकल तिकिटं, पाणी हे सगळं त्यातून. हिशेब एकीकडेच नको, दर दोन-तीन दिवसांनी खजिनदार बदला, म्हणजे कुणा एकीच्या डोक्याला ताप होत नाही आणि कुणाला संशयही येत नाही. खरेदी, भेटवस्तू हा ज्याचा त्याचा खर्च. एटीएममधून पैसे काढताना किंवा कार्ड वापरताना मशीन विचारतं, रुपयांत कापू का युरोत? दरवेळी युरो निवडा. रुपये निवडले की मशीनवाला आपल्या मर्जीचा भाव लावतो. प्यायला नळाचं पाणी घ्या, म्युनिकचं पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून येतं आणि उत्तम असतं. प्लास्टिकची बाटली घेतलीच तर फेकू नका. बहुतेक बाटल्यांवर २५ सेंटची अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये परत मिळते. बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो, त्यामुळे वेळेचं भान राहत नाही. शनिवारी दुपारीच रविवारची भाजी-ब्रेड आणून ठेवा.

वहिनी डबे भरायला घेईल, तिला हे वाचून दाखव. दूध-तुपाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, तूप नको. मांसमच्छीचं लोणचं ठेवायच्या भानगडीत पडू नका. आंबेही नकोत, फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावरच काढून ठेवतात, कारण त्यातल्या तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकतं. आणि विमान दुबईमार्गे असेल तर खसखशीचा दाणाही बॅगेत नको. तिकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि तिथे सबबी चालत नाहीत. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, जाडे पोहे हे खुशाल न्या. होस्टेलच्या स्वयंपाकघरात फोडणी जपून करा, खिडकी उघडून, मंद आचेवर. कढत तेलात मोहरी-मिरची टाकली की धुराने गजर वाजतो आणि सगळी इमारत खाली उतरते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पाळीच्या तारखा आपसात सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी डोंगर चढायचा बेत कुणी आखणार नाही.

फिरायला बायर्न-टिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, फक्त साध्या प्रादेशिक गाड्यांनी. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर चालतं. त्यावर चौघींची नावं लिहायची असतात, ती गाडीत बसण्याआधी लिहा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत तेच चालतं, पण त्या दिवशी पासपोर्ट जवळ ठेवा. परतताना सरहद्दीवर पोलीस गाडीत चढून तपासतात. शहरातलं कागदी तिकीट निळ्या मशीनमध्ये टोचून घ्यायचं असतं. न टोचलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, ६० युरो दंड. तपासनीस साध्या कपड्यांत असतो आणि विद्यार्थी म्हणून सूट देत नाही.

आल्प्सकडच्या तळ्यांवर जाणाऱ्या गाड्यांचं एक ध्यानात ठेवा. टेगर्नझेला जायची गाडी म्युनिकहून एकच निघते, पण होल्त्सकिर्खेन आणि शाफ्टलाख या स्टेशनांवर तिचे डबे सुटे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात. डब्यावरचा फलक वाचून चौघींनी एकाच भागात बसा. दोघी खिडकीसाठी पुढच्या डब्यात गेल्या, तर त्या भलत्याच खोऱ्यात पोचतील.

ताटातूट होणारच, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. मारिएनप्लाट्झवरचं माशांचं कारंजं सोयीचं आहे. चुकामूक झाली, फोनची बॅटरी गेली, तर तिथे येऊन थांबायचं, शोधत फिरायचं नाही. त्याच चौकात नव्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर सकाळी अकराला आणि बाराला बाहुल्या नाचतात. सगळा चौक माना वर करून बघतो आणि पाकीटमार नेमके तेव्हाच काम करतात. पाठीवरची बॅग पुढे घ्या.

मुद्दाम एक दुपार चौघींनी चार दिशांना जा. एकीला चित्रं बघायची असतात, एकीला नुसतं झोपायचं असतं. झोपणारीला "एवढे पैसे भरून झोपायला आलीस का?" असं म्हणू नका. संध्याकाळी एकमेकींना सांगायला काहीतरी असेल, म्हणजे गप्पा पुन्हा रंगतील. तिघी एका बाजूला आणि एक दुसरीकडे असं दोन दिवस होताना दिसलं, तर त्या एकटीबरोबर तू चाल. कारण विचारू नकोस, नुसती बरोबर राहा.

दाखाउला जायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा. नाझींनी १९३३ च्या मार्चमध्ये तिथे छळछावणी सुरू केली, आज ती स्मारक आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथे हसरे फोटो काढायचे नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी दुसरा कुठला बेत नको, जेवण खोलीवरच करा. तुमच्यातल्या एखादीला तिथे जायचं नसेल, तर तिला आग्रह करू नका.

हे शेवटचं मात्र हट्टाने सांगते. इझार नदीत आणि इंग्लिश गार्डनमधल्या आइसबाखमध्ये उन्हाळ्यात पोरं धडाधड उड्या मारताना दिसतील. आइसबाखमध्ये पोहायला बंदी आहे, तरी लोक उतरतात. पाणी डोंगरातून येतं, अंग बधिर करण्याइतकं गार असतं आणि वरून शांत दिसलं तरी आत ओढ असते. टिळक तलावात पोहायला शिकलीस म्हणून ते पाणी तुला झेपेल असं नाही. काठावर बसून पाय सोडा, बस. आणि एखादी "काही होत नाही गं" म्हणत उतरायला लागली, तर बाकीच्या तिघींनी तिला धरून ठेवायचं. ती रुसली तर रुसू दे. काहीही झालं तर ११२ फिरवायचा, तो सगळ्या युरोपीय संघात चालतो.

व्हिसा हातात आला की चौघींच्या पासपोर्टचे आणि विम्याचे फोटो मला पाठव, आणि एकमेकींच्या मोबाईलमध्येही ठेवा. परत आल्यावर आठवड्याच्या आत पाकिटाचा हिशेब मिटवा, कॉलेज सुरू व्हायच्या आधी.