फ्रान्सला इंग्रजी शिकवायला निघालात?

पांढरकवड्याच्या पोरीने पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकावं आणि थेट फ्रान्सच्या सरकारी शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून जावं, याचं गावात भारी कौतुक झालं. आता वणी-घाटंजीकडची पोरंही विचारायला घरी येतात, आणि पहिला प्रश्न पगाराचाच असतो. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला 12 तास, हातात महिन्याला साधारण 800 युरो. पॅरिसमध्ये एवढ्यात भागणं कठीण. मला लिमोज विभागातला क्रोझ जिल्हा मिळाला, तिथे भागलं. खर्च करायला तिथे आहेच काय? गाईंची कुरणं, म्हाताऱ्यांची गावं आणि रविवारी बंद असलेली बस.

पण आधी घराचं सांगते, कारण माझे पैसे तिथेच अडकलेत.

घरमालकीण सुरुवातीला नुसती साखर. खोली फर्निचरसह म्हणून दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट घेतलं. तेवढं कायद्याने घेता येतं, त्याबद्दल तक्रार नाही. घरात शिरताना ‘एता दे लिय’ नावाचा कागद भरतात, त्यात भिंतीपासून चमच्यापर्यंत सगळ्याची अवस्था लिहायची असते. बाईंनी तो भराभर भरला. ओट्यावरचा जळका डाग मी बोट ठेवून दाखवला, तर ‘तो जुनाच आहे, लिहायला कशाला हवा’ म्हणाल्या. मी फोटो काढून ठेवले.

निघायच्या वेळी त्याच बाईंनी पडदा नाकाशी धरला आणि ‘मसाले’ म्हणाल्या. त्या घरात मी पास्ता आणि उकडलेली अंडी खाऊन राहिले. आईने दिलेली हळदीची पुडी न फोडता परत आणली! मग बोट ओट्यावरच्या डागावर गेलं. मी फोन पुढे केला. त्यांनी फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त विचारलं, ‘विमान कधीचं आहे?’ मी तारीख सांगितली आणि त्यांनी ती कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतली. तेव्हा लख्ख कळलं. बाईंना ना डागाचं पडलं होतं, ना पडद्याचं. मी कधी देशाबाहेर जाते, एवढंच त्यांना हवं होतं. दुरुस्तीचं बिल आजतागायत आलेलं नाही, पैसेही नाहीत.

म्हणून सांगते, त्या कागदात राहिलेलं काही नंतर घालायचं असेल तर 10 दिवसांच्या आत लेखी मागता येतं, आणि ते पोचपावतीच्या रजिस्टर पत्रानेच मागा. गोड बोलण्यावर जाऊ नका. 1 ते 10 महिन्यांसाठी ‘बाय मोबिलिते’ नावाचा भाडेकरार असतो, त्यात डिपॉझिट घेताच येत नाही. तो द्यायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर, पण विचारायला काय जातं? जामीनदार मागितला तर ‘विझाल’ ही फुकट हमी आहे. डिपॉझिटमधून पैसे कापायचे तर मालकाला बिल किंवा खर्चाचा अंदाज दाखवावा लागतो, आणि परत करायला मुदतीपेक्षा उशीर केला तर दर महिन्याला भाड्याच्या 10 टक्के वर द्यावे लागतात. समेट करून देणारा सरकारी मध्यस्थही फुकट मिळतो. फक्त हे सगळं तिथे असताना जमतं. इथून पत्र लिहीत बसलं की टपालखर्चच वाढतो.

कागदपत्रांचा ताप वेगळाच. आपला तालुका केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्यात, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर गावाचं एक नाव, पासपोर्टवर दुसरं. तिथल्या आरोग्य विम्याच्या कार्यालयाने फाइल परत पाठवली: बाई, तुम्ही नक्की जन्मलात कुठे? दोन्हींवरचं जन्मस्थान निघायच्या आधी जुळवून घ्या आणि दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्काही इथूनच घेऊन जा. व्हिसा पोचल्यावर तीन महिन्यांत ऑनलाइन नोंदवायचा असतो. भाड्याला ‘काफ’ या तिथल्या भत्ता कार्यालयाकडून मदत मिळते, पण पहिल्या महिन्याची मिळत नाही आणि उशिरा अर्ज केला तर मागचे महिने बुडतात. पहिला पगार लांबू शकतो, हाताशी पैसे ठेवा. थंडीचे कपडे तिकडेच घ्या. आईवडिलांना रोज फोन करा, वगैरे.

राहिली शाळा. ज्या शिक्षिकेच्या हाताखाली मी होते, तिला माझे उच्चार अमेरिकन नाहीत याचं दुःख होतं. पोरांसमोर मला मध्येच थांबवायची आणि दुरुस्त करायची. तिचं स्वतःचं इंग्रजी कसं होतं ते मी सांगत नाही. शेवटी मी आपल्याकडची अवनी वाघीण वर्गात नेली. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्रीची गोळी. अर्धा वर्ग गावकरी झाला, अर्धा वाघिणीचा वकील. कधी तोंड न उघडणारी पोरं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडायला लागली. लंडनचा बुरूज आणि राणीचा चहा त्यांनी पुस्तकात शंभरदा वाचलेला असतो. तुम्ही कापूस न्या, टिपेश्वरचं अभयारण्य न्या. आणि शाळेच्या ‘प्रोनोट’ या संगणकीय नोंदवहीत पाठाखाली आपलं नाव घालून घ्या. माझ्या वाघिणीच्या पाठाखाली त्या शिक्षिकेचं नाव आहे.